पितळेचा खर्ज

या पुस्तकाचे मूळ सात खातेवह्यांत आहे. कापसाच्या व्यापाऱ्याकडे असतात तशा लांबट, लाल कापडी पाठीच्या वह्या. एकीवरही नाव नाही, गाव नाही. आत जमा आणि नावे असे दोन रकाने. पण त्यांत रुपये नाहीत, सूर आहेत. जमेच्या बाजूला निळ्या शाईत गाण्याची चाल. नावेच्या बाजूला तांबड्या शाईत, त्या चालीच्या खाली जे वाजायचे ते. लिपी भातखंड्यांची: मंद्र सप्तकातल्या सुराखाली टिंब, कोमल सुराखाली आडवी रेघ. निळ्या बाजूला टिंब शोधावे लागते. तांबड्या बाजूला ओळीच्या ओळी टिंबांनी भरलेल्या आहेत, मागच्या पानावर शाई उतरेपर्यंत.

या वह्या लिहिणारा माझा मित्र होता. मी शाळेतला म्हणून चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या कोरपन्यात मला गुरुजी म्हणत. तो बँडचा, म्हणून मास्तर. वहीवर नाव घालायला तो कधीच तयार झाला नाही, तेव्हा मीही इथे त्याला मास्तरच म्हणतो. त्याच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी वहिनींनी या वह्या जुन्या लुगड्यात बांधून माझ्याकडे पाठवल्या. सोबत निरोप होता, "रद्दीवाला मागत होता, मी देल्या नाई."

लग्नाच्या बँडासाठी गाणी बसवणारे मास्तर आपल्याकडे पुष्कळ झाले. पण बँडातल्या मोठ्या, जड वाद्यांसाठी, म्हणजे युफोनियम, ट्रॉम्बोन आणि बास यांच्यासाठी, स्वतंत्र लिहिणारा माणूस मला आयुष्यात हा एकच भेटला. त्याचे काम काय होते हे कळायला आधी त्या वाद्यांचा थोडा परिचय हवा, आणि ती आपल्या गावापर्यंत कशी आली तेही माहीत हवे. बँड आपण सगळ्यांनी ऐकलेला असतो. त्यातला खालचा सूर मात्र फार थोड्यांनी ऐकलेला असतो. म्हणून ही प्रस्तावना जरा लांबणार आहे.

पितळी वाद्यात तार नसते, रीडही नसते. थरथरतात ते वाजवणाऱ्याचे ओठ. ओठांमागे श्वास आणि पुढे नळी. नळी जितकी लांब तितका सूर खाली. ट्रम्पेटची गुंडाळी सोडवली तर साडेचार फूट भरते, ट्रॉम्बोन आणि युफोनियमची नऊ फूट, आणि बासांतल्या सगळ्यात मोठ्या टुबाची अठरा. दर पायरीला लांबी दुप्पट आणि सूर एक सप्तक खाली, इतका हा साधा हिशेब आहे. युफोनियमची एकही कळ न दाबता जो मूळ सूर उभा राहतो तो पेटीवरची काळी पाच. पहिली कळ दाबली की सूर एका पूर्ण स्वराने उतरतो, दुसरीने अर्ध्याने, तिसरीने दीड. ट्रॉम्बोनला कळा नाहीत. तिथे नळीच पुढेमागे सरकते, तिच्या सात जागा ठरलेल्या आहेत, आणि दोन जागांमध्ये जे काही आहे ते वाजवणाऱ्याच्या कानावर सोडलेले आहे. मास्तर या 'मधल्या' जागेच्या प्रेमात होता. त्याबद्दल पुढे येईलच.

फुंकायची मोठी वाद्ये आपल्याला नवी नाहीत. देवळातल्या नगारखान्यात कर्णा होता, पालखीपुढे आणि फौजेपुढे शिंग आणि तुतारी होती. कोरपना-जिवतीच्या पट्ट्यात दिवाळीच्या सुमारास गोंडांची दंडारी आणि घुसाडी निघते. तिच्या मेळ्यात ढोल, तुडुम, पेपरे यांच्या जोडीला कालिकोम हे शिंगाच्या जातीचे वाद्य असते. या शिंग-तुताऱ्यांचे काम मात्र हाक देण्याचे. कोणी आले, काही सुरू झाले, हे सांगण्याचे. त्यामुळे वरचा, चिरत जाणारा सूर महत्त्वाचा. केशवसुतांनी १८९३ साली कविता लिहिली तीही तुतारीवर. खाली राहून इतरांना उभे करणाऱ्या पितळेवर कोणी कविता लिहिल्याचे मला ठाऊक नाही.

खालच्या पितळेचा विचार खरा वाढला तो युरोपात. ट्रॉम्बोन तिथे पंधराव्या शतकापासून आहे आणि बराच काळ तो चर्चमध्ये गायकांच्या साथीला राहिला. १८०८ साली व्हिएन्नात बेथोव्हेनची पाचवी सिंफनी पहिल्यांदा वाजली. तिच्यात ट्रॉम्बोनवाले पहिले तीन भाग गप्प बसून राहतात आणि चौथ्यात एकदम उभे राहतात. तेवढ्यासाठी मास्तरने ती सिंफनी माझ्याकडून कॅसेटवर भरून घेतली होती, आणि पहिले तीन भागही तो निमूट ऐके, कारण "ते बसले हायेत तं आपनबी बसाव" असे त्याचे म्हणणे. पितळी वाद्याला कळा बसवण्याची युक्ती श्टोल्झेल आणि ब्लूमेल या दोघांनी १८१८ मध्ये बर्लिनला पेटंट केली, आणि १२ सप्टेंबर १८३५ रोजी त्याच शहरात विप्रेख्ट आणि मोरिट्झ यांनी बास टुबाचे पेटंट घेतले. पुढच्या दशकात पॅरिसमध्ये अडॉल्फ साक्सने लहानापासून मोठ्यापर्यंत एकाच घडणीच्या वाद्यांचे अख्खे कुटुंब तयार केले.

याचा परिणाम दरबारापेक्षा कारखान्यात जास्त झाला. इंग्लंडच्या उत्तरेला गिरण्या आणि कोळशाच्या खाणींतले कामगार ही वाद्ये शिकले. ब्लॅक डाइक हा नामांकित बँड १८५५ पासून एका लोकरीच्या गिरणीच्या नावाने ओळखला जातो. ग्राइमथॉर्पचा बँड १९१७ साली एका खाणीत उभा राहिला, ती खाण १९९३ मध्ये बंद पडली आणि बँड चालूच राहिला. या बँडांनी एक फार शहाणी गोष्ट केली. एक बास ट्रॉम्बोन सोडला तर सगळ्या पितळी वाद्यांचे लिखाण एकाच चालीने केले, म्हणजे कॉर्नेट वाजवणाऱ्याला उद्या टुबा हातात दिला तरी कागदावरचा तोच सूर त्याच कळेने निघतो. एखादा आजारी पडला, पाळीवर गेला, तर शेजारचा त्याची जागा घेऊ शकतो. कामगारांच्या जगण्यातून आलेली ही लेखनपद्धती आहे. अशा बँडांसाठी मग होल्स्टने १९२८ मध्ये आणि एल्गारने १९३० मध्ये रचना लिहिल्या. टुबाला एकट्याला पुढे बसवून व्हॉन विल्यम्सने १९५४ मध्ये कंचर्टो लिहिला, आणि पुढच्याच वर्षी हिंडमिथने टुबा आणि पियानोसाठी सोनाटा. युफोनियमच्या घराण्यातल्या वाद्यासाठी इटलीत पोंकिएलीने त्याच्या कितीतरी आधी, १८७२ मध्ये, कंचर्टो लिहून ठेवला होता.

आमच्या तालुक्यात सिमेंटचे कारखाने आहेत आणि शेजारी बल्लारपूर, राजुरा, घुग्गुस या बाजूला कोळसा. ग्राइमथॉर्पची गोष्ट मी मास्तरला सांगितली तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "खान आपल्याकडंबी हाये, भोंगाबी हाये. बँडच तेवढा नाई उभा केला कोनं." त्याच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, एखादे राहून गेलेले काम सांगावे तसे तो म्हणाला.

भारतात बँड आला त्याची पहिली वाट पलटणीची. संस्थानिकांनी तो दरबारात घेतला, पोलिसांनी कवायतीला घेतला, आणि पलटणीतून सुटलेल्या वाजंत्र्यांनी तो शहराच्या गल्लीत आणला. मेरठच्या जाली कोठी भागात नादिर अली यांची पेढी १८८५ पासून आहे, आणि उत्तरेपासून विदर्भापर्यंत लग्नात वाजणारे पितळ बहुतेक मेरठचेच. पुण्याला प्रभात ब्रास बँड गणपतीच्या मिरवणुकीत आजही ऐकायला मिळतो. न्यूझीलंडचे अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी २००५ मध्ये या लग्नाच्या बँडवाल्यांवर इंग्रजीत एक पुस्तक लिहिले. आपल्या दारात वाजणाऱ्या बँडाचा इतका मनापासून विचार बाहेरच्या माणसाने केला याचा आनंद आहे. मराठीत त्या तोडीचे काम व्हायचे आहे.

दुसरी वाट गोव्याची. तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना लहानपणीच सुरांचे वाचन शिकवले जाई, आणि ती मुले मोठी होऊन मुंबईच्या हॉटेलांत, मग सिनेमाच्या वाद्यवृंदात आली. चालीच्या खाली काय वाजेल हे कागदावर मांडणारे अरेंजर बहुतेक त्यांच्यातले. सेबॅस्टियन डिसूझा यांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी वर्षानुवर्षे लिहिले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईत भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणणारी मैफल उभी केली. पुढे त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी त्यांचे नाव सिनेमाच्या गाण्यात अमर केले. चिक चॉकलेट या नावाने गाजलेल्या वाझ यांचा ट्रम्पेट जुन्या लोकांना आठवतो. मोन्सोराते भावंडांतले ट्रम्पेटवालेही आठवतात. त्यांच्यातल्या ब्लास्को यांचा ट्रॉम्बोन किती जणांना आठवतो? गाणे आपल्या ओठांवर असते, त्याच्या खालचे पितळ आपल्याला माहीतच नसते.

आणि तिसरी वाट सरकारी. आपले राष्ट्रगीत कोणते असावे हा वाद बँडावर येऊन थांबला होता हे आज फारसे कोणी सांगत नाही. पंडित नेहरूंनी ऑगस्ट १९४८ मध्ये संविधान सभेपुढे जे निवेदन केले त्यात चाल वाद्यवृंदावर आणि बँडावर कशी वाजेल या मुद्द्याला मोठे वजन होते. मास्तर कृष्णराव फुलंब्रीकरांनी 'वंदे मातरम्'ही बँडावर वाजू शकते हे दाखवण्यासाठी जिवाचे रान केले. निर्णय २४ जानेवारी १९५० रोजी झाला आणि तो सर्वांना माहीत आहे. मास्तर कृष्णरावांचे नाव निघाले की माझा मित्र हात जोडी. "मास्तर म्हनावं तं त्याइले," म्हणे. २०२२ साली दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमध्ये 'अबाइड विथ मी' ही इंग्रजी धून काढून सैन्याच्या बँडांनी 'ऐ मेरे वतन के लोगो' वाजवले. ती चाल पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांची. त्या संध्याकाळी आम्ही दोघे माझ्या घरी दूरदर्शनसमोर बसलो होतो. मला गाण्याने भरून आले. मास्तर मान खाली घालून बासकडे कान लावून होता, आणि कार्यक्रम संपल्यावर त्याने एवढेच विचारले की खालचे कोणी लिहिले असेल.

या सगळ्या वाटा ज्या लग्नाच्या बँडात येऊन मिळतात तिथे एक विचित्र गोष्ट घडली. वाद्ये आली, त्यांच्यातली उतरंड आली, पण खालच्या वाद्यांचे काम आले नाही. आपल्या बँडात युफोनियमवालेही चालच वाजवतात. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट एक ओळ घेतात, युफोनियमवाले तीच ओळ उलटून देतात. सवाल-जवाबाची ती गंमत मला आवडते आणि तिच्यात आपल्या भजनी मंडळाची सवय आहे हेही दिसते. तरी नऊ फुटांच्या नळीला साडेचार फुटांच्या नळीचे काम दिले की तिचे स्वतःचे बळ वाया जाते. नकळत बँड वरच्या वर वाजत राहतो, त्याच्याखाली जमीन नसते.

मास्तरला हे कळले ते पुस्तकातून नव्हे. त्याचा आजा डफडे वाजवी. आमचा राजुरा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ मध्ये तो नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला. त्याच १९५६ च्या १६ ऑक्टोबरला बाबासाहेब नागपूरहून चांद्याला आले आणि तिथे धम्मदीक्षा झाली. आज्याने डफडे खुंटीला टांगले ते कायमचे. गावकीचे वाजवणे म्हणजे वाढलेले घेणे आणि दाराबाहेर उभे राहणे, हे त्याला पुरे झाले होते. मग बापाने कोट-टोपीचा बँड धरला. मास्तर सांगे, बापाचे म्हणणे होते की डफडे बोलावणे आल्यावर वाजते आणि बँड इसार घेऊन. या एका वाक्यात सामाजिक इतिहासाची दोन-तीन प्रकरणे मावतात. कागदावर सूर लिहिण्याचा मास्तरचा हट्टही मला त्याच धाग्यातला वाटतो. तो म्हणे, ऐकून वाजवलेले विसरता येते आणि हिरावताही येते, लिहिलेले राहते.

तालमीला जागा नव्हती. एका जिनिंगच्या गोदामात हिवाळ्यात रात्री बसायची परवानगी मिळाली होती, कापसाच्या गंज्यांमध्ये. मी पहिल्यांदा तिथे गेलो ती डिसेंबरातली रात्र अजून डोळ्यांपुढे आहे. दिवा एकच. वाजवणारे गंज्यांना टेकून बसलेले, माउथपीस आधी कोटाच्या खिशात, मुठीत धरून गरम केलेला, कारण थंड पितळ ओठाला झोंबते. चाल सुरू झाली आणि मी चकित झालो. क्लॅरिनेट समोर चार हातांवर वाजत होता, पण दुसऱ्या खोलीतून यावा तसा. ट्रम्पेटची धार बोथट झालेली. कापूस वरचे सूर गिळत होता. युफोनियमचा खर्ज मात्र तो गिळू शकत नव्हता. तो जमिनीवरून, टेकलेल्या पाठीतून, पायांतून येत होता. मास्तर मला म्हणाला, "वरचा सूर कानानं आयकते मानूस, गुरुजी. खालचा पायानं." असे कित्येक हिवाळे त्याने त्या गोदामात काढले होते. जे कापसातून वाचते ते आपण लिहायचे, असे त्याने ठरवले असावे. खातेवह्याही त्याच जिनिंगच्या, कोऱ्या उरलेल्या.

त्याने काय लिहिले याचा एकच नमुना देतो. भूपाच्या अंगाची एखादी चाल घ्या. सा रे ग प ध, मध्यम आणि निषाद वर्ज्य. पेटी किंवा गिटार घेऊन बसणारा कोणीही तिच्याखाली तीन ठरलेले कॉर्ड लावतो. त्यांतला एक मध्यमावर उभा असतो आणि दुसऱ्याच्या पोटात निषाद असतो. म्हणजे वर भूप चालू आणि खाली त्याच्या जिवावर उठलेले दोन सूर. मास्तरला हे सहन होत नसे. त्याच्या तांबड्या बाजूला अशा चालीखाली तीनच सूर फिरतात: मंद्र पंचम, मंद्र धैवत आणि षड्ज. ध-सा-ग एकत्र वाजले तर भूप दुखावत नाही आणि रंग तेवढा बदलतो, हे त्याने स्वतः शोधून काढले. षड्जावर तो सहज येत नाही. अंतऱ्यात तर पंचमावरच बसून राहतो, दोन युफोनियम आळीपाळीने श्वास घेतात म्हणजे सूर तुटत नाही, आणि मुखड्याच्या समेला बास षड्जावर उतरतो तेव्हा ऐकणाऱ्याला घरी आल्यासारखे वाटते. श्वासाच्या जागा वहीत पेन्सिलीने तिरक्या रेघांनी दाखवल्या आहेत. काही पानांवर त्या रेघा दाट होतात. मी कारण विचारले तर म्हणाला, तिथे चढ आहे. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत वरात कुठून जाणार, हे लक्षात घेऊन तो लिहीत होता. वाद्याचे वजन घेऊन चढणाऱ्या माणसाला फुंकर कुठे पुरणार नाही याची नोंद कोणत्या संगीतकाराने ठेवली आहे?

ट्रॉम्बोनसाठी त्याचे वेगळे पान असे. सरकत्या नळीवर मींड निघते, आणि दरबारीतला कोमल गंधार जसा एका जागी ठरत नाही, झुलतो, तसा तो कळांच्या वाद्यावर कधी निघणार नाही. ट्रॉम्बोनवर निघू शकतो. चौथ्या वहीत या एका गंधारासाठी अकरा पाने खर्ची पडली आहेत. प्रत्येक पानावर एक नागमोडी रेघ, तिच्याखाली बोटांच्या पेरांची मापे, आणि बहुतेक पाने तांबड्या फुलीने रद्द केलेली. शेवटच्या पानावर फुली नाही.

शिवाय आपल्या हवेचा हिशेब. लगीनसराई एप्रिल-मेमधली आणि चंद्रपूरचा मे कसा असतो हे सांगायला नको. हवा तापली की नळीतला सूर चढतो, कॅसिओ कीबोर्डचा चढत नाही. दुपारच्या वरातीत दोन्ही एकत्र वाजले की कान किटतो आणि दोष मात्र पितळेच्या माथी येतो. मास्तर दुपारच्या आणि रात्रीच्या वाजवण्याला वेगळे कागद करी. दुपारच्या कागदात लांब धरलेले सूर कमी.

हे सारे आज छापण्याची घाई का, याचे उत्तर रस्त्यावर आहे. नागपूरकडून संदल आणि धुमाल ही पथके आली, त्यांत कॅसिओ आणि पॅड. मग डीजे आला. डीजेला खालचा आवाज फार आवडतो, छातीत धक्का बसेल इतका. पण तो खर्ज नव्हे. खर्ज कोणीतरी धरून ठेवलेला असतो, त्याला श्वास लागतो, तो दमतो आणि पुन्हा उभा राहतो. आमच्या भागातले युफोनियम एकामागून एक मोडीत गेले. पितळेचा भाव किलोवर ठरतो. काही शहरांतल्या हॉटेलांच्या भिंतींवर शोभेला टांगलेले मी पाहिले आहेत. या वह्यांचे काही जतन व्हावे म्हणून मी एका संस्थेकडे अर्ज केला होता. उत्तर आले की हे लोकसंगीतात बसत नाही आणि शास्त्रीय संगीतातही बसत नाही. त्यांच्या नियमांत ते खरेही असेल. मग ज्यांच्या हातून शंभर वर्षे प्रत्येक गावाची लग्ने, जयंत्या आणि मिरवणुका वाजल्या त्यांचे संगीत कशात बसते, हा प्रश्न आपण सगळ्यांनी स्वतःला विचारायला हवा. १४ एप्रिलला ज्या चाली आमच्या चौकात वाजतात त्यांच्याखालचा खर्ज या वह्यांत आहे. तो नाहीसा झाला तर एका समाजाने डफडे खाली ठेवल्यावर जे मेहनतीने उभे केले त्याचा एक पुरावा नाहीसा होईल.

म्हणून या पुस्तकात तीन गोष्टी केल्या आहेत. वह्यांतल्या निवडक रचना मास्तरच्या सारेगमच्या लिपीत जशाच्या तशा आणि शेजारी पाश्चात्त्य लिपीत दिल्या आहेत, कारण सैन्यातून किंवा चर्चमधून शिकलेल्या वादकाला त्या वाजवता आल्या पाहिजेत. त्याच्याबरोबर वाजवलेल्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत ठेवल्या आहेत. वऱ्हाडी, तेलुगूमिश्रित मराठी, काही गोंडी. त्या प्रमाण मराठीत आणण्याचा मोह आम्ही टाळला. आणि वाद्यांविषयीची टिपणे नवशिक्याला डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत, माउथपीसवर ओठ कसे ठेवायचे इथपासून. मास्तरचे चरित्र मात्र लिहिलेले नाही. तो किती मोठा संगीतकार होता याचा निवाडा करण्याइतके माझे ज्ञान नाही, आणि मित्र म्हणून तो करण्याचा मला अधिकारही नाही. माझे एक मत मात्र ठाम आहे. पाश्चात्त्य मेळ उसना न घेता, रागाच्या आतून, पितळी बँडाला खालची बाजू देता येते, हे त्याने करून दाखवले आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी दुसऱ्या वहीतल्या भूपाच्या चार चाली दोन युफोनियम आणि एक बास घेऊन वाजवून पाहाव्यात.

वाचकांना दोन विनंत्या आहेत. आपल्या घरी, नात्यात, गावात जुन्या बँडाच्या वह्या, सुटे कागद, पाठीमागे सूर लिहिलेल्या लग्नपत्रिका असतील तर रद्दीत घालू नका. पुढच्या पिढीतल्या वाजवणाऱ्या कोणाच्या तरी हाती द्या. कपाटावर युफोनियम पडून असेल तर तिन्ही कळा काढून, धुऊन, तेल घालून परत बसवा. वाद्य पुष्कळदा तेवढ्यानेच बोलू लागते.

दुसरी विनंती सातव्या वहीविषयी. तिच्यातली शेवटची रचना इथे सर्वांत शेवटी छापली आहे. नावेची बाजू पूर्ण आहे, तांबड्या शाईत, बत्तीस ओळी, श्वासाच्या रेघांसकट. जमेची बाजू कोरी आहे. वर कोणती चाल होती हे वहिनींना ठाऊक नाही, बँडातल्या कोणालाही ठाऊक नाही. ज्यांना ती ओळखू येईल त्यांनी जरूर कळवावे.